खळ्याचं काम

कोकणात जुन्या घरांची डागडुजी सध्या जोरात आहे. मुंबईची नोकरी संपवून कायमचे परतणारे, पर्यटकांसाठी दोन खोल्या काढणारे, गणपतीला तरी घर नीट असावं म्हणून भावंडांत पैसे जमवणारे, असे सगळेच कामाला लागले आहेत. घराच्या आतलं काम लोक चार वेळा बोलून ठरवतात. बाहेरचं मात्र मोबाइलवरच्या फोटोवरून ठरतं. पांढरं लाकडी कुंपण, दिव्यांच्या माळा, खाली पेव्हर ब्लॉक, आणि या सगळ्याला नाव फार्महाउस स्टाइल.

ही शैली आजच्या रूपात अमेरिकेतून आली. 2013 साली तिथं सुरू झालेल्या ‘फिक्सर अपर’ या टीव्ही मालिकेत चिप आणि जोआना गेन्स हे दांपत्य टेक्सासमधल्या वेको परिसरातली जुनी घरं नव्यानं उभी करायचं. त्या मालिकेनं ही शैली घरोघरी नेली. माझा या शैलीवर राग नाही. तिच्यातल्या कितीतरी गोष्टी मुळात शेतकऱ्याच्या गरजेतून आलेल्या आहेत. तिच्यातलं सरकतं दारच पाहा. गवताची गाडी आत जाईल एवढं मोठं दार बिजागरीवर लावलं तर वारा ते हिसकतो, पुढ्यात बर्फ साचला की ते उघडतच नाही. म्हणून ते सरकतं. तिथल्या शेतकऱ्यानं आपलं हवामान आणि आपलं काम पाहून घर बांधलं. आपण त्याचं दार घेतो आणि त्याची विचार करायची रीत तिथंच सोडून येतो, याचं मला वाईट वाटतं. कारण कोकणातलं घर हे शेतकऱ्याचंच घर आहे, आणि त्याच्या पुढचं खळं तर पहिल्यापासून कामासाठीच होतं.

पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास खळं दरवर्षी नव्यानं करतात. चार महिन्यांत माजलेलं गवत तासायचं, वरची माती उकरून सारखी करायची, पाणी मारून ओल मुरू द्यायची, मग लाकडी चोपण्यानं एका टोकापासून चोपत यायचं. चोपण्याचा आवाज बद्द येतो तोवर माती बसलेली नसते; टणक आवाज आला की पुढे सरकायचं. वरून शेणाचं सारवण. मग बांबू आणि पोफळीचे वासे उभे करून माडाच्या झापांचा मांडव. या जमिनीवर भात झोडलं जातं, तुळशीचं लग्न लागतं, सुपारी वाळते, पुढे उन्हाळ्यात कोकमं, आंब्याची साटं, सांडगे, पापड. रात्री माणसं तिथंच अंथरूण टाकतात. मृगाच्या आधी मांडव उतरतो, त्यातली बरी झापं पडवीला झड म्हणून लागतात आणि खळं पावसाच्या ताब्यात जातं. एकच जागा वर्षात इतकी रूपं घेते. पेव्हर बसवले की ती कायमची एकच गोष्ट होऊन बसते, बहुतेक वेळा गाडीतळ.

पाण्याचा हिशेबही मांडायला हवा. सिंधुदुर्गात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद खळ्यावर म्हणजे 3 लाख लिटर पाणी. मातीचं खळं ते सगळं पितं असं नाही, चोपलेल्या जमिनीवरून बरंच वाहून जातं. पण उतार माडा-पोफळींच्या आळ्यांकडे काढलेला असायचा. पागोळ्या जिथं पडतात तिथं जांभ्याचे चिरे एका ओळीत बसवलेले असायचे, म्हणजे माती उडून भिंत लाल होत नाही आणि पाणी पायात मुरत नाही. कडेचा गडगा बिनचुन्याचा, दगडावर दगड रचलेला, त्याच्या फटींतून पाणी आपोआप वाट काढतं. आता सिमेंटची कंपाउंड वॉल उभी राहते, तिला पाणी जायला भोकं ठेवायची आठवण राहत नाही, आणि चिंब झालेल्या मातीच्या रेट्यानं एखाद्या जुलैत ती रस्त्यावर येते. इकडे जांभ्यातलं पाणी झिरपून लवकर निघून जातं, एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात, आणि आपण पावसाचं पाणी पाइप घालून गटारात सोडतो.

पण मातीच्या खळ्याची थोरवी सांगताना एक गोष्ट लपवता येणार नाही. ते खळं बायकांच्या कमरेवर उभं होतं. शेण गोळा करणं, कालवणं, ओणवं होऊन हातानं सारवणं, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या कुडाळकडच्या घरात बाहेरचं काम काढायचं ठरलं तेव्हा फरशी हवी असं सर्वांत आधी वहिनी म्हणाल्या. सारवणाचा गंध आठवून गहिवरणारे आम्ही मुंबईकर होतो. सारवणाऱ्या त्या होत्या. गोठ्यात आता गुरंही नाहीत, शेण शेजारून आणावं लागतं. अशा घरावर मातीचं खळं लादणं हा अन्याय आहे, आणि वारशाच्या नावाखाली तो करू नये असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून आम्ही फोटो बाजूला ठेवून यादी केली: या अंगणात आता कुणाला काय करायचंय? भात झोडायला कुणी नाही. कोकमं वाळवायची आहेत, गणपतीत पन्नास माणसं जेवायला बसवायची आहेत, आईला संध्याकाळी चार पावलं न अडखळता चालायचंय, विहिरीला पाणी हवंय. त्यातून आराखडा निघाला. पायरीपासून तुळशीपर्यंत चिऱ्यांची सपाट वाट. बाकी जागेत चिरे सुटे बसवायचे, फटींत सिमेंट न भरता माती. मांडवाच्या खांबांसाठी खाचा ठेवायच्या, म्हणजे तो दरवर्षी घालता-काढता येईल. पागोळ्यांची चिऱ्यांची ओळ आहे तशीच राहील, तिथून चर काढून पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला खड्ड्यात जिरवायचं. तुळशीभोवतीचा हातभर पट्टा मातीचा राहू दे, तेवढा मी सारवीन, असं वहिनी स्वतःहून म्हणाल्या. उरला गाडीचा प्रश्न, त्यावर भावांचं वाजलं. गडगा फोडून गाडी आत घ्यायची नाही, ती पाणंदीच्या तोंडाशी फणसाखाली उभी राहील आणि तिथून सामान हातानं आणायचं, यावर अखेर एकमत झालं. गवंडी दिवाळीनंतर येणार आहे.