किंकाळी ऐकल्यावर

आज एका आवाजापाशी बसू या. मांडी घाला, खुर्चीवर बसा, जसं जमेल तसं. पाठ कशाला तरी टेकलेली असू द्या. श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला हात लावू नका.

आता मनाने अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या एका कोरड्या माळावर चला. हिवाळ्यातली पहाट आहे. सेजब्रशची करडी, खुरटी झुडपं दूरवर पसरली आहेत. मधेच ज्युनिपरचं एखादं झाड आणि पलीकडे खडकांची रांग. ज्युनिपरला पाठ लावून एक शिकारी बसला आहे. कपडे मातीच्या रंगाचे, तोंडावर जाळी. वारा त्याने समोरून घेतला आहे, म्हणजे त्याचा वास पुढे जाणार नाही. तो खिशातून एक छोटी पिपाणी काढतो आणि फुंकतो. आतली पातळ पट्टी थरथरते आणि माळावर सशाची किंकाळी उमटते. पकडल्या गेलेल्या, मरू घातलेल्या सशाची.

ऐका तिला. तिथे ससा नाही. कुणाला काही झालेलं नाही. तरीही ती ऐकताना अंगात काय होतं, ते पाहा. छाती आवळते का? कान पुढे झुकतात का? नुसतं पाहा.

या आवाजाला एक इतिहास आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर टेक्ससमधल्या बर्नहॅम बंधूंनी अशा पिपाण्या शिकाऱ्यांना विकल्या. पुढे टेक्ससमधल्याच जॉनी स्ट्युअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून दिले. आता झुडपात स्पीकर ठेवायचा, दूर बसायचं आणि हातातलं बटण दाबायचं. कधीतरी एका जिवाने एकदाच भोगलेलं भय पुन्हा पुन्हा वाजत राहतं. या वाक्यापाशी दोन श्वास थांबा.

आता पाहा, कोण येतं.

कोयोट, म्हणजे तिथला कोल्ह्यासारखा प्राणी, आला तर बहुधा लवकर येतो. पण थेट येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, कारण कानाने ऐकलेलं त्याला नाकाने पारखायचं असतं. कधी वरून घुबड किंवा ससाणा झेपावतो. या सगळ्यांना भुकेने आणलं आहे. त्या भुकेत पाप नाही. हिवाळ्यात पोट भरणं हेच त्यांचं काम.

शिकारी हरणाच्या पाडसाचा आक्रोश वाजवतो, तेव्हा त्याच आवाजाला कोयोट येतो आणि हरिणीही येते. एकाला घास हवा असतो, दुसरीला लेकरू वाचवायचं असतं. आक्रोश एकच. धावणारे पायही सारखेच दिसतात. फरक आहे तो आत.

ओढ तिसरीही असते. १९३८ च्या नोव्हेंबरात कुमाऊँमधल्या ठाक गावाजवळ एक नरभक्षक वाघीण जोडीदाराला हाका देत फिरत होती. जिम कॉर्बेट यांनी नर वाघाच्या आवाजात तिला उत्तर दिलं. ती त्या आवाजाच्या रोखाने आली आणि मारली गेली. माणसं मारणारी वाघीण होती, तिला थांबवणं भाग होतं. पण तिला तिथवर आणलं ते सोबतीच्या ओढीने.

भूक, माया, सोबत. जीव हाकेला धावतो तो बहुधा या तिघींपैकी एकीमुळे. आता स्वतःला सावकाश विचारा: दुसऱ्याची किंकाळी ऐकून माझ्यात आधी कोण उठतं?

उत्तर घाईने देऊ नका. ‘माया’ हे उत्तर जिभेवर लगेच येईल. त्याला बाजूला बसवा. अपघाताची चित्रफीत फोनवर दिसते तेव्हा बोट का थांबतं? शेजारच्या घरात भांडण पेटतं तेव्हा पावलं खिडकीकडे का वळतात? कुणाचं दिवाळं निघाल्याची बातमी पुढे सांगताना आवाजात उत्साह कुठून येतो? तिथे एक भूक आहे. तिला दोष देऊ नका, पण तिला मायेचं नावही देऊ नका. ती दिसली, एवढं आज पुरे.

आपल्या परंपरेने या जागेवर फार पूर्वी बोट ठेवलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत हरीण आहे. पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात जातं, आणि कानाने ओढून नेलं तर काय होतं, हे अवधूत त्याच्याकडून शिकतो. संत एकनाथांनी त्याच स्कंधावर लिहिलेलं भागवत १५७३ साली काशीत पूर्ण केलं आणि हा गुरू मराठी घरांत आला.

त्या गुरूंच्या रांगेत मला आणखी एकाला बसवावंसं वाटतं. पुन्हा माळावर चला. शिकाऱ्याला बसून अर्धा तास होऊन गेला आहे. कोयोटची वाट पाहणारा एवढ्यात उठून गेला असता. बॉबकॅटसाठी बसलेला उठत नाही. लिंक्सच्या कुळातलं हे लहान रानमांजर आहे. आखूड शेपूट, अंगावर ठिपके. नाकापेक्षा त्याचा भरवसा कानावर आणि डोळ्यांवर. किंकाळी त्याने केव्हाच ऐकली आहे. पण ते चार पावलं येतं आणि बसतं. झुडपाआडून पाहत राहतं. पुन्हा चार पावलं, पुन्हा बसणं. भूक त्यालाही आहे, पण ऐकणं आणि धावणं यांच्यामध्ये ते जागा ठेवतं. अनेकदा ते शिकाऱ्याला दिसतही नाही. पाहून परत जातं.

ती मधली जागा आपल्यात शोधा. श्वास आत आला आणि बाहेर जायचा आहे, तेवढी जागा. किंकाळी ऐकली. अजून हललो नाही. आत कोण उठलं, ते दिसलं. आता पाऊल टाकायचं की नाही, ते मी ठरवीन.

आणि हाक घालणाऱ्याचाही विचार करा. निश्चल बसणं, वारा ओळखणं, दुसऱ्या जिवाचा स्वर घशात आणणं ही मोठी विद्या आहे. आपल्याकडच्या फासेपारध्यांकडेही ती पिढ्यान्‌पिढ्या होती. पण पीडेचा आवाज उसना घेणाऱ्यावर ऋण चढतं, असं मी मानतो. कायदा जागोजागी वेगळा. कॅलिफोर्नियाने २०२० पासून बॉबकॅटची शिकार बंद केली. टेक्ससमध्ये ती आजही बारा महिने चालते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला आळा घातला. कायदा बंदूक अडवतो. खोटी हाक घालणारं मन आपलं आपणच अडवायचं असतं. फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला घरट्यावरून उठवणं, गर्दी जमावी म्हणून कुणाचं दुःख पुन्हा पुन्हा दाखवणं, हीदेखील पिपाणीच आहे. ती खाली ठेवा.

डोळे मिटले असतील तर उघडा. आज दिवसभरात एखादी किंकाळी कानावर येईलच, खरी किंवा वाजवलेली. तेव्हा एक श्वास थांबा आणि आत कोण उठलं ते पाहा. भूक उठली असेल तर बसून राहा. माया उठली असेल आणि समोर खरंच कुणी दुखावलेलं असेल, तर मात्र थांबू नका, जा.