माळ जाणवत नाही

रोह्याकडचे माळकरी पुसतात, "बुवा, माळ घातली तेव्हा क्षणोक्षणी जाणवे, आता काहीच वाटत नाही. आमची भक्ती आटली काय?" अहो, कातडीत ज्ञानतंतूंची सूक्ष्म टोके आहेत. नवा स्पर्श झाला की ती मेंदूस वर्दी देतात. तोच स्पर्श टिकून राहिला की बहुतेक गप्प होतात. म्हणून माळ का कुठे गेली? (वारीत पायात मोडलेला काटा मात्र निघेपर्यंत ओरडत राहतो, तीही देवाचीच सोय!) पेणचा मूर्तिकार पाहा. शाडू गुळगुळीत झाला का हे पाहताना तो बोट नुसते टेकवीत नाही, फिरवतो. बोट सरकले की ती टोके पुन्हा बोलू लागतात. तेव्हा बाबांनो, रडता कशाला? गळ्याशी हात न्या, नाम घ्या आणि एक मणी सरकवा पाहू.