चेटकिणींची कचेरी

ब्रिटनमध्ये दारात ‘एचएमआरसी’चे पाकीट पडले की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. ही तिथल्या करखात्याची आद्याक्षरे. जूनो डॉसन यांनी २०२२ साली आपल्या कादंबरीला नाव दिले ‘हर मॅजेस्टीज रॉयल कव्हन’. आद्याक्षरे तीच, खातेही सरकारी, फक्त चेटकिणींचे. झाडू, कढई आणि काळे मांजर शोधत आलेल्या वाचकाला इथे आधी फाइल भेटते. मुख्य चेटकीण खाते चालवते, वरच्यांची मर्जी सांभाळते आणि सहकाऱ्यांवर वैतागते.

अर्बन फँटसी म्हणतात त्या प्रकारात जादू आजच्याच जगात, आगगाड्या, मोबाइल आणि बिलांच्या जगात नांदते. पण सहसा ती चोरून नांदते, मागच्या गल्लीत नाहीतर तळघरात. डॉसन तिला दफ्तरात आणून बसवतात. पहिल्या एलिझाबेथ राणीने हे गुप्त खाते स्थापन केले अशी कथेतली कल्पना. खऱ्या इतिहासात याच राणीच्या राजवटीत, १५६३ साली, चेटकाने जीव घेणाऱ्याला देहान्त देणारा कायदा झाला होता. ज्या राज्याने चेटकिणींना फासावर चढवले त्याच राज्याच्या त्या आता नोकरदार आहेत. हे ध्यानात ठेवून वाचले तर पुस्तकातली थट्टा जरा बोचरी होते.

स्त्रियांच्या भगिनीभावाविषयी आपण बोलतो तेव्हा मनात बहुधा दुबळ्यांची एकी असते. घर, मालक, कायदा सगळे विरुद्ध असताना एकमेकींना धरून राहायचे. जिला सोसावे लागते ती आपली, इतका तो हिशेब सोपा. पण ताकद आपल्याच हाती आली तर? या कादंबरीत बायकांची जादू पुरुषांच्या जादूपेक्षा उपजतच जबर आहे. कोणी मनातले वाचते, कोणी जखमा भरते, कोणी वारा-वादळ हलवते. ‘आम्ही काय करणार, आमच्या हाती काय आहे’ ही सबब लेखिकेने या बायकांकडून काढून घेतली आहे. आणि सत्ता आली की दार येते, दाराशी यादी घेऊन उभे राहणारे कोणीतरी येते. बहीण कोणाला म्हणायचे, हा प्रश्न तिथे जिव्हाळ्याचा उरत नाही, प्रवेशाचा होतो.

हे सारे चार मैत्रिणींमधून उलगडते. हेलेना, नीव, लिओनी आणि एल यांनी पोरवयात, उन्हाळी अयनदिनाच्या सुमारास, खात्याची शपथ घेतली होती. मध्ये चेटकिणींचे यादवी युद्ध होऊन गेले. आता हेलेना खात्याची सर्वोच्च अधिकारी आहे. नीव यॉर्कशरमधल्या हेब्डन ब्रिज या गावात प्राण्यांची डॉक्टर आहे आणि आजारी जनावरांवर हळूच आपली विद्या वापरते. एल चारचौघींसारखी गृहिणी असल्याचे सोंग वठवते. लिओनीने खाते सोडून स्वतःचे वेगळे मंडळ काढले आहे, त्याचे नाव डायस्पोरा.

पुस्तकाची खरी गोडी या चौघींच्या बोलण्यात आहे. टोमणे, जुन्या भानगडींची आठवण, एकीने अर्धे वाक्य टाकायचे आणि दुसरीने ते पुरे करायचे. वाचताना आपण त्यांच्या टेबलाशी पाचवी खुर्ची ओढून बसतो. ही गंमत कथेला लावलेली झालर आहे असे मला वाटत नाही. पुढे जे फाटणार आहे ते कापड आधी हाताला लागावे, म्हणून ती आहे. लेखिकेने प्रकरणे आळीपाळीने एकेकीच्या नजरेतून लिहिली आहेत. त्यामुळे हेलेनाच्या डोक्यात शिरल्यावर तिचेही पटायला लागते. शिस्त, परंपरा, युद्धात गेलेल्यांचे ऋण. ती दुष्ट नाही, ती कर्तव्यदक्ष आहे. मला भीती वाटली ती तिच्या याच गुणाची.

मग थिओ येतो. अचाट शक्तीचा हा मुलगा खात्याच्या ताब्यात सापडतो आणि भविष्यवाणीतले संकट ते हेच, अशी हेलेनाची खात्री होते. नीव त्याला घरी नेते. हळूहळू उमगते की थिओ मुलगा नाहीच, मुलगी आहे, आणि तसे जगू पाहते आहे. (डॉसन स्वतः पारलिंगी स्त्री आहेत. ब्रिटनमध्ये या विषयावर चाललेली भांडणे ठाऊक असलेल्याला कथेतला रोख लगेच कळतो.) नीवला समोर एक बावरलेले लेकरू दिसते. हेलेनाला यादीत न बसणारे नाव दिसते. दोघीही बहिणींच्याच भल्याचे बोलत असतात, आणि कादंबरी तिथेच तापते.

हेब्डन ब्रिजपासून फार दूर नाही अशी पेंडल टेकडी लँकशरमध्ये आहे. तिचा इतिहास या कथेच्या पाठीशी उभा आहे. मार्च १६१२मध्ये ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत आणि थोड्याच वेळात तो कोसळला. आज आपण त्याला पक्षाघात म्हणू. आपलाच शाप बाधला असे ॲलिझनलाही वाटले. मग डेमडाइक आणि चॅटॉक्स या दोन म्हाताऱ्यांची घराणी एकमेकांवर बोट दाखवू लागली. ॲलिझनची धाकटी बहीण जेनेट तेव्हा नऊएक वर्षांची होती. तिला भर न्यायालयात टेबलावर उभे केले आणि तिने आपल्या आई-भावाविरुद्ध साक्ष दिली. त्या प्रकरणात दहा जण फासावर गेले. न्यायाधीश पुरुष होते, कायदा पुरुषांचा होता, पण पुरावा निघाला तो घरातून. पेंडलच्या बायकांच्या मानेभोवती दोर होता, त्यांनी जिवाच्या भीतीने बोट दाखवले. हेलेनाच्या मानेभोवती काही नाही. ती मेजामागे बसून, शांत डोक्याने दाखवते.

हे वाचताना मराठी वाचकाला थोडे अडखळायलाही होते. आपल्याकडे एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणे ही केवळ इतिहासातली गोष्ट नाही, २०१३ साली त्यासाठी कायदा करावा लागला. तेव्हा चेटकीण नायिका झाली म्हणून टाळ्या वाजवताना हात क्षणभर थांबतो, आणि थांबावा.

लिओनीचा धागा मात्र आपल्याला थेट कळतो. ती कृष्णवर्णीय आहे, आणि शाही खात्यात सगळ्या बहिणी समान असल्या तरी कोणाचा अनुभव सगळ्यांचा अनुभव म्हणून धरला जातो हे तिने पाहिले आहे. १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया पुढे आणल्या. पुढे शर्मिला रेगे यांनी स्त्री-चळवळीत सवर्ण बाईचा अनुभवच ‘स्त्रीचा अनुभव’ कसा ठरत गेला हे मांडले. तेव्हाही चळवळ फोडता काय, असे आक्षेप निघालेच. लिओनीच्या जाण्याला हेलेना दगाफटका समजते, तो सूर आपल्या ओळखीचा आहे. लिओनीने मैत्रिणी सोडलेल्या नसतात, कचेरी सोडलेली असते. हेलेनाला हा फरक शेवटपर्यंत दिसत नाही, कारण तिच्यापुरती मैत्री आणि कचेरी एकच झाली आहे.

माझी तक्रार एक आहे. उत्तरार्धात लेखिका हेलेनाला इतके काळे रंगवते की वाचकाची सुटका होते. ती पटत राहिली असती तर पुस्तक अधिक छळणारे आणि अधिक मोठे झाले असते. तरीही, मनोरंजनाच्या गाडीतून इतका अवघड प्रश्न सुखरूप उतरवणारी अर्बन फँटसी माझ्या वाचनात फारशी नाही. ‘द शॅडो कॅबिनेट’ आणि ‘ह्यूमन राइट्स’ हे या कादंबरीचे पुढचे भाग. ॲन बोलिनच्या काळात जाणारी ‘क्वीन बी’ ही छोटी पूर्वकथाही आहे, पण सुरुवात पहिल्या कादंबरीनेच करा, आणि शेवटची पाने आधी चाळू नका.