उत्तरवयांतील कीर्ति

साठी-सत्तरीच्या धावपटूंसाठीं निराळ्या शर्यती भरवून निराळे उच्चांक नोंदणें म्हणजे वडीलधाऱ्यांची केलेली मनधरणी होय, असें पुष्कळ सुशिक्षितांस वाटतें. जो आधीं पोहोंचला तो पहिला. तेथें वयाची सवलत कसली? प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा १९७५ सालीं कॅनडांतील टोरांटो शहरीं भरली, तरी हा आक्षेप अद्याप मिटलेला नाहीं.

या आक्षेपाचा विचार करतांना एड व्हिटलॉक यांचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें येतें. १९३१ सालीं इंग्लंडांत जन्मलेले हे गृहस्थ खाणींच्या कामाचे इंजिनियर होते. शिक्षणानंतर ते कॅनडांत गेले. तरुणपणींचें पळणें सुटलें, तें चाळिशीच्या सुमारास त्यांनीं पुन्हां धरलें. २००३ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, सव्वीस मैलांची मॅरॅथॉन शर्यत त्यांनीं २ तास ५९ मिनिटें १० सेकंदांत पुरी केली. सत्तरी उलटलेल्या मनुष्यानें ती तीन तासांच्या आंत संपविण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षीं त्यांनीं ती २ तास ५४ मिनिटें ४८ सेकंदांवर आणली. म्हणजे दर मैलास सात मिनिटांहून कमी, असे सव्वीस मैल ओळीनें! पंचविशींतील वाचकानें हा प्रयोग एका मैलापुरता करून पाहावा.

पण एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. तरुणांना मागें टाकलें म्हणून म्हाताऱ्याची वाहवा करावयाची, तर माप तरुणांचेंच राहिलें. २०१६ सालीं पंचाऐंशीव्या वर्षीं याच शर्यतीस त्यांना जवळजवळ चार तास लागले. तो पराक्रम उणा काय? पुलाचा कस त्याच्यावरून जाणाऱ्या ओझ्यावरून ठरतो, आणि वय हें ओझेंच आहे.

त्यांचा सराव चाले तो मिल्टन गांवच्या स्मशानभूमींत. थडग्यांमधल्या वाटेनें तास न् तास, कित्येकदां तीन तीन तास, फेऱ्यांवर फेऱ्या. आपल्याकडील कीर्तनकारास येथें वैराग्याचें उत्तम आख्यान सांपडलें असतें! व्हिटलॉक तेथें जात ते जागा घराजवळ होती व गाड्यांची वर्दळ नव्हती म्हणून. सराव कंटाळवाणा असतो, प्रकृतीसाठीं आपण पळत नाहीं, उच्चांक व लोकांची शाबासकी आपणांस आवडते, हें ते उघड सांगत.

निष्काम कर्माच्या उपदेशावर वाढलेल्या आमच्या वाचकांस हें खटकेल. वानप्रस्थाच्या वयांत कीर्तीची हांव शोभते काय? आमच्या मतें हांव कोणाच्या जिवावर भागते तें आधीं पाहावें. घरोघरीं व संस्थोसंस्थीं म्हातारपणची हांव दिसते ती किल्ल्यांची आणि खुर्चीची. तिची किंमत सुनेला, मुलाला, हाताखालच्या मंडळींना मोजावी लागते. व्हिटलॉक यांच्या हांवेची किंमत त्यांच्याच गुडघ्यांनीं मोजली. अशा हांवेस आम्हीं दोष देऊं शकत नाहीं. उलट, म्हाताऱ्यांनीं सर्व इच्छा सोडाव्यात असें सांगून मग ते रिकामटेकडे बसतात अशी तक्रार करणाऱ्या तरुणांचेंच आम्हांस नवल वाटतें.

त्या अखेरच्या मॅरॅथॉननंतर पांच महिन्यांनीं, मार्च २०१७ मध्यें, कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. त्यांचा २००४ चा उच्चांक २०२२ सालीं नेदरलँड्समधील एकाहत्तर वर्षांच्या एका धावपटूनें अर्ध्या मिनिटाहूनही कमी अंतरानें मोडला.