मोजदाद आणि मुखोद्गत

गाणे लोकप्रिय झाले असे आपण सहज म्हणून जातो. पण ते नेमके कुठवर पोचले म्हणजे लोकप्रिय झाले? विकत घेणाऱ्याच्या कपाटापर्यंत, की गुणगुणणाऱ्याला ते दुसऱ्या कुणी रचले आहे याचाच विसर पडावा, इतके त्याच्या श्वासापर्यंत? जपानने या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधले. 1968 पासून तिथे ओरिकॉनची विक्रीची क्रमवारी आठवड्या-आठवड्याला लागते आहे, आणि त्या साऱ्या मोजदादीच्या शिखरावर हिकारू उतादा यांचा 1999 सालचा 'फर्स्ट लव्ह' हा अल्बम आहे. एकट्या जपानात सत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि ती गीते रचणारे, गाणारे वय होते अवघे सोळा. जन्म न्यूयॉर्कचा, आई केइको फुजी ही 'एन्का' या जुन्या वळणाच्या, विरहाने ओथंबलेल्या गायनाची नामवंत गायिका. म्हणजे कंठ वारशाने आला आणि शब्द स्वतःच्या एकांतातून. पुढे ऐन कीर्तीच्या भरात, 2010 मध्ये, उतादा यांनी गायनातून विराम जाहीर केला. चारचौघांसारखे साधे जगून पाहण्यासाठी घेतलेला तो विराम 2016 पर्यंत लांबला. मला त्या सत्तर लाखांपेक्षा ही मधली रिकामी वर्षे अधिक बोलकी वाटतात. ज्याचा आवाज घराघरांत पोचला, त्याला स्वतःच्या घरी परतायला इतका काळ लागावा!

क्रमवारी सुरू झाली त्याच 1968 सालच्या 11 ऑक्टोबरला आमच्या अमरावती जिल्ह्यात, मोझरीच्या गुरुकुंजात, तुकडोजी महाराजांची खंजेरी थांबली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, आणि असे योगायोग गाठीला बांधत बसणे हा निबंध लिहिणाऱ्यांचा जुना दोष आहे, हे मी जाणतो. तरीही मन तिथेच रेंगाळते. कारण स्वतः रचावे, स्वतः चाल लावावी, स्वतः वाजवावे आणि स्वतः गावे, अशा अर्थाने आधुनिक महाराष्ट्रात एवढ्या प्रचंड जनसमुदायाला कवेत घेणारा दुसरा गीतकार-गायक मला तरी दिसत नाही. आणि हा वऱ्हाडी भजनी 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानलाही जाऊन आला होता. आपली भाषा ज्यांना कळत नाही, अशांच्या देशात बोटांखालच्या कातड्याचा ठेका पोचत असेल का, आणि पोचला तर अर्थावाचून जे उरते त्यालाच गाणे म्हणायचे का, हा विचार मला त्या प्रवासाच्या अनुषंगाने वारंवार येतो.

अंजनगाव सुर्जीसारख्या गावात राहणाऱ्याला हा विचार परका नाही. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचे नाव येते ते 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळे. दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तो केला आणि गंगा-यमुनेच्या दुआबावरचे मराठ्यांचे स्वामित्व गेले. परीक्षेला बसणारी मुले ती तारीख पाठ करतात व निकाल लागताच विसरतात. त्या डिसेंबरात याच गावचे देवनाथ महाराज हयात होते; कीर्तनकार, नाथपरंपरेतले, मराठीत आणि हिंदीत पदे रचून ती स्वतः रंगवून गाणारे. राज्ये ज्या कागदावर हस्तांतरित झाली, त्याची कलमे आज गावात कुणाला सांगता येणार नाहीत. देवनाथांचा मठ मात्र आहे, त्यांचे शिष्य दयाळनाथ यांचे नाव आहे, आणि पदांच्या अखेरीस गुंफलेली नाममुद्रा आहे. ही नाममुद्रा मोठी विलक्षण गोष्ट. आजचा गीतकार आपला हक्क करारात नोंदवतो, तेव्हाचा गीताच्या शेवटच्या चरणात. फरक एवढाच, की करारातले नाव इतरांना दूर ठेवण्यासाठी असते आणि चरणातले नाव प्रत्येक नव्या गायकाच्या तोंडून पुन्हा उच्चारले जाण्यासाठी.

तुकडोजींनीही मुद्रा तशीच वापरली. यावलीला 30 एप्रिल 1909 रोजी जन्मलेला माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात तुकड्या झाला आणि पुढे आयुष्यभर त्याच नावाने आपल्या रचना संपवीत राहिला. हा प्रवास व्यवसायाच्या भाषेत मांडायचा तर अद्भुत आहे: 1935 मध्ये गुरुकुंजाची स्थापना, 1936 मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सान्निध्यातला मुक्काम, 1942 मध्ये चिमूर-आष्टीच्या उठावाचा वणवा पेटला तेव्हा त्या वणव्यामागे यांची भजने आहेत या संशयावरून नागपूर आणि रायपूरचा तुरुंगवास, आणि चीन व पाकिस्तानशी युद्धे झाली तेव्हा सीमेवर सैनिकांपुढे गायन. एखाद्या सरकारला गाण्याची भीती वाटावी, यापरता गाण्याच्या खपाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

काव्य म्हणून ती सगळी रचना मोठी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पुष्कळ भजनांत शब्द सैल आहेत, यमक ओढूनताणून आणलेले आहे, उपदेश कवितेच्या पुढे धावला आहे; अमरावतीतच जन्मलेल्या सुरेश भटांच्या एका नेटक्या शेराशेजारी ती ठेवली तर कानाला तफावत जाणवते. पण भटांची गझल ऐकणाऱ्याला एकटे करते, आणि तुकडोजींचे भजन ऐकणाऱ्याला एकटे राहू देत नाही. ते मुळी ऐकण्यासाठी रचलेलेच नाही; ध्रुवपद असे, की पहिल्या आवर्तनात कळावे आणि दुसऱ्यात ओठावर यावे, वाद्य असे, की एका हातात मावावे आणि पायी चालताना वाजावे. कारागिरीचा हा एक वेगळाच आदर्श आहे, ज्यात रचनाकार आपल्या कौशल्याला मुद्दाम मागे ठेवतो. एकाहत्तर सालच्या सुमारास जपानात कराओके यंत्र निघाले आणि जो तो दुसऱ्याचे गाणे आपल्या गळ्यातून म्हणू लागला. त्या यंत्राने जे साधले ते वऱ्हाडातल्या भजनी मंडळाने विजेवाचून कधीचेच साधले होते.

आमच्याकडच्या पानमळ्यात नागवेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. शेवरीच्या किंवा पांगाऱ्याच्या आधाराने ती चढते आणि बाजारात मात्र पानच जाते. गाण्याचे शब्द असेच पुढे जातात. तुकडोजींच्या 'ग्रामगीते'चे 41 अध्याय आणि 4675 ओव्या छापलेल्या आहेत, पुन्हा पुन्हा छापल्या जातील. भजनांच्या चाली मात्र कुण्या गावच्या कुण्या म्हाताऱ्या गळ्यात अडकून असतात, तालुका बदलला की वळण बदलते, आणि गळा गेला की वळणही जाते. अकोला जिल्ह्यात सत्यपाल महाराजांनी एका खंजेरीच्या सात केल्या आणि प्रबोधनाचा तो बाज जिवंत ठेवला, हे खरेच. पण एखाद्या थोर वारसदाराच्या भरवशावर बाकीच्या शेकडो अनाम चाली आपण वाऱ्यावर सोडाव्यात, हे मला पटत नाही. जपानने प्रत्येक प्रत मोजली, म्हणून त्यांना काय विकले गेले ते ठाऊक आहे. आपण काहीच मोजले नाही, म्हणून काय हरपले तेही आपल्याला सांगता यायचे नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावात सायंप्रार्थना होत असेल, एखादा जुना भजनी अजून बसत असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा, मोबाइलवर त्याच्या चाली उतरवून घ्या, आणि ध्वनिमुद्रणासोबत त्याचे नाव, गाव आणि ही चाल त्याला कुणाकडून मिळाली तेवढे लिहून ठेवा. हे काम येत्या दिवाळीपूर्वी करा. ते गळे फार काळ थांबणारे नाहीत.