सुतळीचा तोडा

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाढी नदीच्या पुलावर एका गृहस्थांनी निर्माल्य कठड्यावरून खाली सोडलं. झेंडू, केळीची पानं, नारळाची शेंडी, सुतळीचा तोडा. प्लॅस्टिकची पिशवी मात्र घडी घालून खिशात ठेवली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अहो, निसर्गाचंच आहे, जिरून जाईल." माणूस जबाबदार होता, म्हणूनच ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

प्लॅस्टिकबद्दल नव्याने सांगायला नको. २०१८ च्या बंदीपासून ते सगळ्यांना पाठ आहे. मला छळतेय ती सुतळी.

मराठीत दोन नेमके शब्द आहेत, कुजणं आणि सडणं. झाडाखालचा पाचोळा कुजतो, त्याला शेवटी मातीचा वास येतो. बंद डब्यातली भाजी सडते. फरक हवेचा. ताग, कापूस, केळीचं पान यांतला मुख्य पदार्थ सेल्युलोज. जिवाणू त्याच्या लांब साखळ्या तोडून साखर करतात आणि ती खाताना प्राणवायू वापरतात. एक किलो कोरडं सेल्युलोज पूर्ण कुजायला साधारण १.२ किलो प्राणवायू लागतो. ३० अंश तापमानाच्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो असतो जेमतेम ६ मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर सुतळीसाठी दोन लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू, दहा हजार लिटरचे वीस टँकर! पाणी वाहतं राहिलं, भरती-ओहोटी चालू राहिली, तर हवा पुन्हा मिसळते. पण गाढी जिला मिळते त्या पनवेलच्या खाडीत वस्तीचं सांडपाणी येतं आणि कासाडीतून तळोज्याच्या कारखान्यांचं पाणीही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले, तेव्हा निदान रंग डोळ्यांना दिसला. संपलेला प्राणवायू दिसत नाही. सुतळी पाण्यात पडते तेव्हा ताट आधीच चाटूनपुसून झालेलं असतं. मग कामाला येतात समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू. ओहोटीला नाकात शिरणारा सडक्या अंड्यांचा वास त्यांचा.

नायलॉन येण्याआधी कोळ्यांची जाळी सुती असत आणि ती झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावी लागत. सालीतल्या तुरट द्रव्यामुळे जिवाणूंची पाचकद्रव्यं निकामी होतात. म्हणजे तेव्हा तक्रार उलटी होती: पाणी सूत फार लवकर खातं! चिंबोरी कात टाकते त्या कवचातलं कायटिनही असंच. सेल्युलोजच्या खालोखाल निसर्गात मुबलक असलेला हा पदार्थ; जिवाणूंनी तो फोडला नसता तर समुद्राच्या तळाशी कवचांचे ढीग लागले असते आणि त्यात अडकलेला नायट्रोजन कुणाच्या वाट्याला परत आला नसता.

इथपर्यंत मी त्या गृहस्थांशी मनातल्या मनात भांडत होतो आणि जिंकतही होतो. पुरावा म्हणून काळा समुद्र काढला. त्याच्या खोल पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोलीवर सुमारे २४०० वर्षांपूर्वीचं ग्रीक लाकडी जहाज डोलकाठीसकट शाबूत सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. बघा, नैसर्गिक लाकूड जिरलं नाही!

पण तेच उदाहरण माझ्यावर उलटलं. आपल्या तिवरांखालचा चिखलही हवेवाचूनच असतो. गळलेली पानं, मेलेली मुळं त्यात पुरती कुजत नाहीत, म्हणून त्यांतला कार्बन शेकडो वर्षं गाळात दडून राहतो. कांदळवन वाचवा म्हणताना आपण याच न कुजण्याची बाजू घेत असतो. मग सगळं कुजलंच पाहिजे, हा हट्ट मी कशासाठी धरला होता? त्या गृहस्थांचा आणि माझा हट्ट मुळात एकच निघाला: खाडीने सगळं संपवून टाकावं. ते तिला बळकट समजत होते, मी दमलेली.

तिवराची वर आलेली श्वसनमुळं पाहिली तर खाडीचा व्यवहार वेगळा दिसतो. झाड त्या मुळांतून हवा ओढून चिखलात पोचवतं. त्यांच्याभोवती कुजणं चालू राहतं, त्याखाली साठवण. बिनहवेचा थर गाळाखाली असणं ठीकच आहे. आपल्या सांडपाण्याने तो वर चढवून पाण्यात आणला आहे. माझी तक्रार आता एवढीच उरते, आणि ती सुतळीपेक्षा सांडपाण्याच्या नळांच्या तोंडांशी जास्त आहे. निर्माल्य कलशात टाकावं, हे मी तरीही म्हणेनच.

परवा ओहोटीला खाडीकाठच्या चिखलातून सुतळीचा एक तुकडा ओढून काढला. किती दिवसांचा, कोण जाणे. काळा, उग्र वासाचा. धुवून वाळवला, दोन्ही हातांनी ताणला. तुटला नाही.