सैनिकाच्या वतीने विचारायचा प्रश्न

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान महायुद्धात उतरल्याचे जाहीर केले. महिनाभरातच, २ ऑक्टोबरला, मुंबईच्या ९०,००० कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. गिरणगावातल्या, म्हणजे करी रोड, लालबाग, परळच्या चाळींत राहणारी माणसे बहुतेक कोकणातली आणि घाटावरची. मराठा पलटणींची भरतीही त्याच मुलखातून होई. सैनिकाच्या जिवाची किंमत त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. आज त्या संपकऱ्यांना कोणी देशद्रोही म्हणणार नाही. ‘पण ते परक्यांचे राज्य होते, आता सरकार आपले, मग शंका कशाला?’ असे मात्र लगेच ऐकू येते. माझ्या मते स्वराज्यात ही जबाबदारी वाढते. व्हाइसरॉयच्या निर्णयाचे पाप व्हाइसरॉयच्या माथी होते. आज सैन्य परदेशात जाते ते आपल्या नावाने जाते, आणि तिथे जे घडते त्यात आपला वाटा असतो.

नागरिकाला गप्प बसवायला अनेकदा गीतेचा आधार घेतला जातो. पण गीतेतला उपदेश सुरू होतो तो अर्जुनाच्या प्रश्नाने. श्रीकृष्ण त्याची कानउघाडणी करतात, तरी त्याला अठराव्या अध्यायापर्यंत उत्तर देतात आणि शेवटी पूर्ण विचार करून निर्णय घ्यायला सांगतात. शिवाय भीष्मपर्वाआधी सबंध उद्योगपर्व आहे, त्यात श्रीकृष्णांची शिष्टाई आहे, पाच गावांवर तडजोड करण्याची तयारी आहे. आजच्या जवानाला अर्जुनासारखा रथ थांबवता येत नाही. आज्ञापालन हा त्याचा स्वधर्म आहे, आणि लोकशाहीत सैन्याने तसेच असावे. म्हणूनच ‘हे युद्ध कशासाठी?’ हा प्रश्न विचारणे नागरिकाचा स्वधर्म ठरतो. जो स्वतः विचारू शकत नाही, त्याच्या वतीने तो विचारायचा असतो.

हा प्रश्न वेळेवर विचारला नाही की काय होते, ते श्रीलंकेत दिसले. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि दुसऱ्याच दिवशी आपली शांतिसेना जाफन्यात उतरू लागली. सैन्य परदेशी धाडायला संसदेची पूर्वमंजुरी आपल्याकडे लागत नाही. त्यातून लोकसभेत सत्ताधारी पक्षाचे चारशेहून अधिक खासदार होते. ज्या तमिळ बंडखोरांना १९८३ पासून भारतानेच प्रशिक्षण दिले, त्यांच्याच हातातली शस्त्रे काढून घ्यायला आपले जवान गेले, आणि अडीच महिन्यांत त्यांच्याशीच लढू लागले. ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण असे साठहून अधिक लोक मेले. २५ नोव्हेंबरला ८ महार बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना छातीत गोळी लागली. तशाही अवस्थेत त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि मरेपर्यंत आपल्या तुकडीला आदेश देत राहिले. या मुंबईत जन्मलेल्या अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या शौर्यापुढे मान लवते, आणि त्यामुळेच विचारावेसे वाटते की त्यांना तिथे पाठवण्याआधी उद्देश कोणी तपासला होता? मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० जवान मृत्युमुखी पडले होते. मद्रासला परतलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

प्रश्नांनी सैन्याचे मनोधैर्य खचते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. लढाई ऐन भरात असताना डावपेचांची चिकित्सा चव्हाट्यावर करू नये, हे खरेच. पण तुकडी कुठे आहे हे विचारणे वेगळे आणि ती कशासाठी गेली हे विचारणे वेगळे. श्रीलंकेत जवानाचे मन दुखावले ते ज्यांच्यासाठी गेलो तेच शत्रू कसे झाले, हे त्याला कोणी नीट सांगू शकले नाही म्हणून. दुसरा दाखला १९७१ च्या बांगलादेश युद्धाचा दिला जातो. तो माझ्याच बाजूचा आहे. एक कोटीच्या आसपास निर्वासित आलेले असतानाही इंदिरा गांधींनी घाई केली नाही. महिनोन्‌महिने तयारी झाली, जगाच्या राजधान्यांत बाजू मांडली गेली, उद्देश स्पष्ट होता, आणि मार्च १९७२ मध्ये आपले सैन्य ढाक्याहून परतलेही. प्रश्न विचारला की उत्तर दरवेळी ‘नको’ असेच येते असे नाही. २००३ मध्ये मात्र ते तसे आले. अमेरिकेला इराकमध्ये आपले सुमारे १७,००० जवान हवे होते. संसदेने एप्रिलमध्ये त्या युद्धाविरुद्ध ठराव केला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार कळवला. त्या नकाराने देशाची मान खाली गेली नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. १९३९ च्या संपाचे पुढारीपण करणाऱ्या कम्युनिस्टांनी, सोव्हिएत रशियावर हल्ला झाल्यावर, त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हटले. प्रश्न दुसऱ्या देशाच्या सोयीने बदलू लागला की त्याची धार जाते. तो आपल्याच सदसद्‌विवेकातून यावा लागतो, आणि सत्तेवर आपल्या आवडीचा पक्ष असतानाही टिकावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी सैन्य सरहद्दीपार निघेल, तेव्हा आपल्या खासदाराला लेखी विचारा: उद्देश काय, मुदत किती, आणि संसदेत चर्चा कधी.